उत्तराला गुण देताना : प्राथमिक शाळेतील वाचन-लेखनाचे मूल्यमापन

सत्र संपत आले की प्राथमिक शाळेतील शिक्षकांसमोर उत्तरपत्रिकांचा आणि वह्यांचा ढीग येऊन पडतो. प्रत्येक उत्तराशेजारी एक आकडा लिहिला जातो, आकड्यांची बेरीज होते, बेरजेवरून श्रेणी ठरते आणि ती श्रेणी प्रगतिपत्रकातून पालकांकडे व तक्त्यातून कार्यालयाकडे जाते. मुलाने लिहिलेले उत्तर मात्र मागे वर्गातच राहते. पुढील वर्गाच्या शिक्षकांना, पर्यवेक्षक अधिकाऱ्यांना व ग्रामस्थांना दिसतो तो केवळ आकडा. यास्तव तो आकडा कशाचा आहे, तो कसा ठरला आणि दुसऱ्या शिक्षकाने तपासले असते तर तोच आकडा आला असता काय, हे प्रश्न केवळ तांत्रिक नाहीत. एखाद्या मुलाला वाचता येते की नाही, याविषयीचा निर्णय त्यांवर अवलंबून असतो.

गणिताच्या उदाहरणाचे उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. भाषेच्या बाबतीत तसे नाही. ‘तुम्हांला असे का वाटते ?’ या प्रश्नाला वर्गातील तीस मुले तीस प्रकारे उत्तरे देतील आणि त्यांपैकी बरीच उत्तरे काही अंशी योग्य असतील. अशा उत्तरांना गुण देण्याची निश्चित रीत नसेल, तर अक्षराचे वळण, शुद्धलेखन किंवा मुलाविषयीचे पूर्वमत यांचाच प्रभाव गुणांवर पडतो.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न नवा नाही. भारतातील शिक्षणक्षेत्राला परिचित असलेले सर फिलिप हार्टोग यांनी या विषयाचा सखोल अभ्यास केला होता. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. सायमन आयोगाला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या शिक्षणविषयक समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीच्या १९२९ च्या अहवालाने प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगिती यांकडे देशाचे लक्ष वेधले. पुढे इंग्लंडमध्ये ऱ्होड्स यांच्या सहकार्याने त्यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगासाठी शालान्त परीक्षेतील इतिहास विषयाच्या, मूळ परीक्षेत एकसारखेच मध्यम गुण मिळालेल्या १५ उत्तरपत्रिका निवडण्यात आल्या आणि अनुभवी परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या. एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यानंतर त्यांपैकी १४ परीक्षकांकडून त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेण्यात आल्या. असे एकूण २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ निर्णयांत, म्हणजे सुमारे ४४ टक्के वेळा, त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेविषयी दिलेला अनुत्तीर्ण, उत्तीर्ण अथवा विशेष उत्तीर्ण हा निकाल बदलला.

हे परीक्षक निष्काळजी नव्हते. त्यांच्यापुढे एकच मोजपट्टी नव्हती, इतकेच. मोठ्या मुलांच्या परीक्षेत जे घडले ते प्राथमिक शाळेत अधिकच संभवते, कारण लहान मुलाचे उत्तर त्रोटक असते, अक्षर अस्थिर असते आणि त्याच्या मनातील सर्वच आशय कागदावर उतरत नाही.

आज या प्रश्नाचे महत्त्व

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मुलाचे आकलन व त्या ज्ञानाचा वापर करण्याची क्षमता यांचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन अपेक्षिले आहे. महाराष्ट्रात त्यास अनुसरून २०१० पासून आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धती आली आणि शिक्षकांच्या नित्य कामात वर्णनात्मक नोंदींची भर पडली. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे ठरविले.

दुसरीकडे, २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियमांत बदल करून इयत्ता पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा लागू केली. या परीक्षेत आणि त्यानंतरच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली. अर्थात, दुसरी-तिसरीत ज्याची वाचनातील अडचण गुणांच्या आड दडून राहिली, त्या मुलाला तिची किंमत पाचवीत मोजावी लागते. चुकीच्या गुणदानाने दोन प्रकारची मुले नाडली जातात : ज्याला समजते पण शुद्ध लिहिता येत नाही ते मूल मागास ठरते, आणि ज्याला सुबक उतरवून काढता येते पण समजत नाही ते मूल प्रगत ठरून मदतीवाचून राहते.

वाचन-प्रतिसादाला गुण कसे द्यावेत

याचा विचार प्रत्यक्ष उदाहरणावरून करू. पुढील उतारा व उत्तरे या लेखासाठीच तयार केलेली आहेत. तथापि अशी उत्तरे कोणत्याही शिक्षकाच्या परिचयाची असतील.

‘सखूच्या वाडीत एकच विहीर होती. उन्हाळ्यात तिचे पाणी खोल जाई. सखूची आजी रोज पहाटे उठून पहिली घागर भरी. ती घागर आजी घरी आणत नसे. वाटेवर राहणाऱ्या आजारी शेजारणीच्या दारात ती ठेवी. एके दिवशी आजीला ताप आला. कोणी न सांगता सखू पहाटे उठली आणि घागर घेऊन निघाली.’

इयत्ता चौथीच्या वर्गाला विचारलेला प्रश्न असा : सखू कोणासाठी पाणी आणायला निघाली असेल ? असे तुम्हांला का वाटते ?

या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात शब्दशः दिलेले नाही. दोन-तीन वाक्ये जोडून मुलाने ते शोधावयाचे आहे. म्हणून गुण देण्यापूर्वी पुढीलप्रमाणे मोजपट्टी लिहून ठेवावी :

३ गुण — योग्य निष्कर्ष काढला आहे आणि त्याला उताऱ्यातील आधार दिला आहे.
२ गुण — निष्कर्ष योग्य किंवा संभाव्य आहे. आधार नाही किंवा अपुरा आहे.
१ गुण — उत्तर उताऱ्याशी संबंधित आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे नाही.
० गुण — उत्तराचा उताऱ्याशी संबंध नाही.

उत्तर कोरे सोडले असल्यास शून्य न लिहिता ‘को’ अशी वेगळी खूण करावी. कारण ज्याने चुकीचे लिहिले त्याची अडचण आणि ज्याने काहीच लिहिले नाही त्याची अडचण या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या मुलाला तोच प्रश्न तोंडी विचारून पाहणे हा पहिला उपाय होय.

आता चार उत्तरे पाहा.

पहिले : ‘सखू घागर घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेली.’ अक्षर सुंदर, एकही चूक नाही. परंतु ‘कोणासाठी’ हा प्रश्न अनुत्तरितच आहे. गुण १.

दुसरे : ‘शेजारनीसाटी. आजी रोज तीला पयली घागर द्याची. आजीला ताप आला म्हनून सखून आजीचं काम केलं.’ शुद्धलेखनाच्या अनेक चुका आहेत. परंतु निष्कर्ष अचूक असून दोन आधार दिले आहेत. गुण ३.

तिसरे : ‘आजीला ताप आला होता. तिला पाणी लागेल म्हणून आजीसाठी.’ पहिल्या घागरीचा संदर्भ सुटला आहे; मात्र विचार उताऱ्यातील माहितीवरूनच केला असून तो असंभवनीय नाही. गुण २.

चौथे : ‘आपण नेहमी मोठ्यांची आज्ञा पाळावी. आज्ञाधारक मुले सर्वांना आवडतात.’ वाक्ये निर्दोष आहेत, परंतु ती कोणत्याही गोष्टीखाली लिहिता येतील. शिवाय येथे सखूला कोणी आज्ञा केलेलीच नाही. गुण ०.

मोजपट्टीवाचून तपासताना पहिल्या व चौथ्या उत्तराला झुकते माप मिळण्याचा आणि दुसऱ्या उत्तरावर लाल शाईच्या खुणा उमटण्याचा संभव असतो. वस्तुतः या चौघांत दुसऱ्या मुलालाच उतारा पूर्ण समजला आहे. वाचनाचे आकलन तपासताना शुद्धलेखनासाठी गुण कापू नयेत, हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळला पाहिजे. शुद्धलेखनाचे मूल्यमापन अवश्य व्हावे, परंतु ते त्याच्या जागी.

तिसऱ्या उत्तरासारखी अनपेक्षित उत्तरे नेहमीच येतात. त्यांना किती गुण द्यावयाचे, हे एकदा ठरले की मोजपट्टीखाली त्याची नोंद करावी आणि वर्गातील सर्व मुलांना तोच न्याय लावावा.

प्रकट वाचन ऐकताना

लहान इयत्तांत लेखी उत्तरापूर्वी प्रकट वाचन ऐकणे आवश्यक असते. एका मिनिटात वाचलेल्या शब्दांतून चुकलेले शब्द वजा केले की अचूक वाचलेल्या शब्दांची संख्या मिळते. मुलाने ५२ शब्द वाचले व त्यांत ६ चुकले, तर ही संख्या ४६ होय. निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा ठेवली असून भाषेनुसार त्यात फरक पडू शकतो हेही मान्य केले आहे. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुलाने चुकलेला शब्द स्वतःहून सुधारला तर ती चूक धरू नये; उलट ते अर्थाकडे लक्ष असल्याचे गमक आहे. वेग मोजून झाल्यावर दोन प्रश्न विचारल्याविना चाचणी पूर्ण झाली असे समजू नये. भरभर वाचणारे मूल समजून वाचतेच असे नाही.

लेखनाचा नमुना

लेखनात एकाच वेळी अनेक कौशल्ये गुंतलेली असतात. म्हणून एकूण दहापैकी इतके, असे ढोबळ गुण न देता चार बाजूंनी स्वतंत्र विचार करणे हितावह ठरते : आशय, मांडणीचा क्रम, शब्द व वाक्यरचना, आणि लेखनसंकेत म्हणजे शुद्धलेखन व विरामचिन्हे. प्रत्येक बाजूला १ ते ४ गुण द्यावेत. १ म्हणजे नुकता आरंभ, २ म्हणजे अंशतः साध्य, ३ म्हणजे इयत्तेच्या अपेक्षेइतके आणि ४ म्हणजे अपेक्षेहून सरस. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावरील तिसरीतील मुलाच्या लेखनाचा पुढील नमुना पाहा :

‘आमच्या गावाचा बाजार सोमवारी असतो मी आईबरोबर जातो आई भाजी ईकते मी पैशे मोजतो दूपारी ऊन लागते मग आई मला गारेगार घेऊन देते एकदा दहा रुपय कमी आले आई काही बोलली नाही मला वाईट वाटले मी परत मोजले ते पिशवीत होते’

एकही पूर्णविराम नाही आणि चार शब्द चुकले आहेत. केवळ चुका मोजणारा तपासनीस या लेखनाला दहापैकी चार गुण देऊन मोकळा होईल. परंतु ४१ शब्दांपैकी ३७ शब्द शुद्ध आहेत, हेही तितकेच खरे. मुलाने स्वतःचा अनुभव सांगितला आहे. आईचे न बोलणे आणि स्वतःला वाईट वाटणे यांचा संबंध त्याने कोणी न शिकविता टिपला आहे. आशयाला ४, क्रमाला ३, शब्द व वाक्यरचनेला ३ आणि लेखनसंकेतांना १ असे गुण येथे योग्य ठरतील.

एकूण १६ पैकी ११ गुण झाले. मात्र बेरजेपेक्षा हे चार आकडे वेगवेगळे पाहण्यातच खरा लाभ आहे. या मुलाला निबंध पाठ करावयास लावण्याची गरज नाही. वाक्य कोठे संपते हे मोठ्याने वाचून ओळखण्याचा सराव त्याला हवा आहे. याच बेरजेचे दुसरे मूल असेल, ज्याचे शुद्धलेखन निर्दोष पण आशय फळ्यावरील पाच वाक्यांपुरताच असेल. त्याला बोलते करणे हा उपाय आहे. गुण सारखे असूनही दोघांच्या गरजा भिन्न आहेत.

तपासताना पहिल्या वाचनाच्या वेळी हातात लेखणी घेऊ नये. प्रथम मुलाला काय सांगावयाचे आहे ते वाचावे व आशयाचे गुण ठरवावेत. नंतरच चुकांकडे वळावे. सर्वच चुकांभोवती लाल वर्तुळे करण्यापेक्षा एका वेळी एक-दोन प्रकारच्या चुका दाखविल्या तर मूल त्या सुधारू शकते.

बोलीचा प्रश्न

‘इहीर’, ‘पानी’, ‘म्हनून’, ‘व्हतं’ अशी रूपे मुलाच्या लेखनात येतात, तेव्हा ते घरी ऐकलेली भाषा लिहीत असते. खानदेशातील अहिराणी, सिंधुदुर्गातील मालवणी, विदर्भातील वऱ्हाडी, तसेच भिली, गोंडी, कोरकू यांसारख्या भाषा बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांपैकी गोंडी व कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातीलही नाहीत. या मुलांना प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. परंतु शिकविणे वेगळे आणि आकलनाचे गुण कापणे वेगळे. प्रकट वाचनात बोलीचा उच्चार ही चूक मानू नये आणि वाचन-प्रतिसादात बोलीतील उत्तर पूर्ण ग्राह्य धरावे. लेखनात बोलीरूपाचा विचार फक्त लेखनसंकेतांच्या रकान्यात करावा, तोही ‘प्रमाण रूप शिकवावयाचे आहे’ अशा नोंदीसह.

दोन शिक्षक, एक गुण

मोजपट्टी चांगली असली तरी ती सर्वांनी सारखीच वापरणे आवश्यक आहे. यासाठी केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेचा उपयोग करून घेता येईल. पद्धत साधी आहे. प्रत्येक शाळेने एकाच प्रश्नाची काही उत्तरे मुलांची नावे झाकून आणावीत. प्रत्येक गुणपातळीचे एक-दोन नमुने सर्वांनी चर्चेने निश्चित करावेत. त्यानंतर उरलेल्यांपैकी २० उत्तरे दोन-दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावीत. २० पैकी १६ उत्तरांना समान गुण पडले तर एकमत ८० टक्के झाले. उरलेल्या चार उत्तरांवर जी चर्चा होईल तीच या बैठकीची खरी कमाई होय. कोण बरोबर हे ठरविणे हा तिचा हेतू नसून मोजपट्टीतील कोणता शब्द संदिग्ध आहे, हे शोधणे हा आहे.

शाळेत एकटेच शिक्षक असतील तर त्यांनी काही उत्तरे आठवड्यानंतर, आधीचे गुण झाकून, पुन्हा तपासून पाहावीत. हार्टोग यांच्या प्रयोगाचीच ही लहान आवृत्ती आहे. तसेच एका मुलाची सर्व उत्तरे सलग न तपासता, सर्व मुलांचे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी आणि मग दुसऱ्या प्रश्नाचे, असा क्रम ठेवावा. त्यामुळे एका चांगल्या किंवा वाईट उत्तराची छाया पुढील उत्तरावर पडत नाही.

गुणांनंतर काय ?

गुण वहीत नोंदविले की काम संपले, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ‘वाचन चांगले करतो’, ‘लेखनात सुधारणा आवश्यक’ अशा ठरावीक नोंदी कोणत्याही मुलाच्या नावापुढे लिहिता येतात. म्हणूनच त्या कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी ‘सरळ माहिती शोधतो, दोन वाक्ये जोडून कारण सांगताना अडतो’ अशी नोंद पुढील शिक्षकाला लगेच उपयोगी पडेल. १ गुण मिळालेल्या मुलांचा एक गट करून त्यांना प्रश्न नीट वाचण्याचा सराव द्यावा. २ गुणांच्या गटाला ‘हे कशावरून?’ असे रोज विचारावे. काही आठवड्यांनी नव्या उताऱ्यावर तसाच प्रश्न देऊन मुले पुढे सरकली काय, हे पाहावे.

अधिकारी व लोकप्रतिनिधी यांचे कार्य

शाळाभेटीच्या वेळी पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी केवळ तक्ता न पाहता चार-पाच उत्तरे मागवावीत आणि त्यांना दिलेले गुण मोजपट्टीशी ताडून पाहावेत. गुण कमी आढळल्यास शिक्षकाला दोष देण्याची घाई करू नये. प्रामाणिकपणे दिलेल्या कमी गुणांवर ठपका ठेवला गेला, तर पुढील वर्षी गुण वाढतील. वाचन मात्र वाढणार नाही.

शिक्षणाधिकार अधिनियमान्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या सभेत ‘किती मुले उत्तीर्ण झाली ?’ हा प्रश्न विचारला जातोच. त्याच्या जोडीला ‘किती मुलांना गोष्ट वाचून कारण सांगता येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी शाळा काय करीत आहे ?’ हा प्रश्न पंचायत सदस्यांनी व पालकांनी विचारावा. स्वतःला वाचता न येणारी आईदेखील मुलाला जवळ बसवून, वाचलेली गोष्ट सांगावयास लावू शकते आणि ‘असे का झाले ?’ म्हणून विचारू शकते. गावात जाहीर वाचनाचा कार्यक्रम घेतला तर अडखळणाऱ्या मुलाची शोभा होणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी.

प्राथमिक शाळेत दिलेला गुण हा निवाडा नव्हे. मुलाला पुढे कोठे न्यावयाचे याची ती खूण आहे. ‘शेजारनीसाटी’ असे लिहिणाऱ्या मुलाला गोष्ट समजली होती. ते आपल्या ध्यानात आले, तर शुद्धलेखन त्याला पुढील वर्षभरात शिकविता येईल. ध्यानात आले नाही, तर आपल्याला वाचता येत नाही असे ते मूलच मानू लागेल, आणि ती समजूत दूर करणे शुद्धलेखन शिकविण्याहून कितीतरी कठीण असते.